गाणं पुढे लावा

गाण्याच्या बाई चिडतात, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. मुलं त्यांना घाबरत नसत, कारण मुलांवर त्या फारशा चिडत नसत. त्या चिडत मोठ्या माणसांवर. एकदा शाळेच्या कार्यक्रमात पहिलीची मुलं गात होती आणि पहिल्या रांगेतले पाहुणे मुख्याध्यापकांच्या कानाला लागून काहीतरी सांगत होते. बाईंनी पियानोवरचे हात उचलले, मुलांना थांबवलं आणि पाहुण्यांकडे बघत स्वस्थ बसून राहिल्या. पाहुण्यांचं बोलणं आटपलं, सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली, आणि मग त्यांनी गाणं पुन्हा पहिल्यापासून घेतलं. नंतर मुख्याध्यापकांनी खोलीत बोलावून चार गोष्टी समजावल्या. बाईंनी त्यांना सांगितलं की बोलायला बाहेर मोठा व्हरांडा आहे, पाहुण्यांना तिथे खुर्ची टाकून द्या.

अर्धवट ऐकलेलं गाणं म्हणजे न ऐकलेलंच, हा त्यांचा हिशेब. तासाची घंटा झाली तरी कडवं राहिलं असेल तर वर्ग सुटत नसे. गणिताचे सर दाराशी येऊन घसा खाकरत उभे राहायचे आणि बाई त्यांच्याकडे बघून न बघितल्यासारखं करायच्या.

हा नियम मुळात ताईचा. ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण. दोघी बहिणी सायकलींच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत. ताई कचेरीत टायपिस्ट होती. दिवसभर लोकांची रटाळ पत्रं बडवायची आणि संध्याकाळी शाळेच्या रिकाम्या सभागृहात येऊन त्याच बोटांनी पियानो वाजवायची. धाकटीनं गायचं आणि थोरलीनं साथ करायची, हे लहानपणापासून ठरलेलं. ताई स्वतः कधी गायली नाही. शाळेत असताना समूहगानाच्या मास्तरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, तू नुसतं तोंड हलव, आवाज काढू नकोस. पोर सांगितल्याप्रमाणे वागली. इतकी, की पुढे घरात भांडी घासतानासुद्धा तिनं कधी ओळ गुणगुणली नाही. ते मास्तर बाईंना पुढे एकदा बसच्या थांब्यावर भेटले, म्हातारे झाले होते, त्यांनी नमस्कार केला. बाईंनी तोंड फिरवलं. त्याचा त्यांना आजवर पश्चात्ताप झालेला नाही. स्वतःच्या वर्गात त्या बेसूर मुलाला मागच्या बाकावर पाठवत नसत, पहिल्या बाकावर घेत.

बाईंची एकच रेकॉर्ड निघाली. एक रेकॉर्डिंगवाला गावोगाव यंत्र घेऊन हिंडायचा आणि साध्या गायकांची गाणी मोठ्या खोल्यांत, दोनच मायक्रोफोन लावून उतरवून घ्यायचा. त्याला शाळेच्या सभागृहातला घुमारा आवडला. गाणं होतं नदी ओलांडणाऱ्या माणसाचं: पहिल्या कडव्यात तो काठावर उभा असतो, शेवटच्या कडव्यात पलीकडे पोचतो. सकाळी परीक्षेची बाकं लावायला शिपाई यायचे होते, म्हणून गाणं एकदाच, एका दमात गायचं ठरलं. बाई गायल्या. आणि शेवटच्या कडव्यात पियानोच्या मागून कोणीतरी हळूच गुणगुणायला लागलं.

ताई. शब्द नाहीत, तोंड मिटलेलं, पण आवाज होता. बाई थांबल्या नाहीत, गात राहिल्या.

रेकॉर्डिंगवाल्यानं कानावरचे हेडफोन काढले आणि तोंड वाकडं केलं. म्हणाला, शेवटी मागे कोणीतरी घुमतंय, सुरातही नाही, शेवट पुन्हा घेऊ. बाई म्हणाल्या, सुरातच आहे. तो म्हणाला, नाही. बाईंनी त्याला साफ सांगितलं की छापायचं तर असंच छापा, नाहीतर यंत्र उचला आणि चालू लागा. ताई बिचारी पियानोचं झाकण धरून उभी. ती एवढंच म्हणाली, "अगं, मी गायले? मला कळलंच नाही."

रेकॉर्ड तशीच निघाली. खपली म्हणण्यासारखी नाही. नातेवाइकांनी घेतली, शाळेनं घेतली. पुढच्याच वर्षी ताई आजारी पडली आणि गेली.

आता त्या खोल्यांत बाई एकट्या राहत. त्यांच्याकडे रेकॉर्डची एकच प्रत उरली होती, कपाटात लोकरीच्या कपड्यांखाली ठेवलेली. घरातल्या जुन्या प्लेअरची सुई झिजलेली होती आणि नेमकी शेवटच्या कडव्यात उडी मारायची. शिवाय प्रत्येक वेळी सुई फिरली की तबकडी थोडी खरवडते, हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. म्हणून त्या ती लावतच नसत. पण अलीकडे एक नवीनच जाच सुरू झाला होता. ताईचा आवाज आठवायला गेलं की आठवायचा नाही. मध्ये स्वतःचाच आवाज यायचा. ताई कशी चालायची, चहाचा कप कसा धरायची, सगळं डोळ्यांसमोर लख्ख होतं. आवाज मात्र हातातून निसटत चालला होता. आणि तो उरला होता फक्त त्या शेवटच्या कडव्यात.

अशात एके दिवशी त्या चष्मा बदलायला निघाल्या होत्या. वाटेत महागड्या स्पीकरांचं एक दुकान होतं. एरवी त्याचं काचेचं दार बंद असायचं. त्या दिवशी कामगार एक भलंमोठं खोकं आत नेत होते म्हणून उघडं होतं. आतून बाईंना स्वतःचा आवाज ऐकू आला.

त्या जागच्या जागी थांबल्या. गाण्याआधीचा श्वास, पहिली ओळ, दुसरी ओळ, आणि आवाज बंद. पुन्हा श्वास, पहिली ओळ, दुसरीचा निम्मा भाग, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा तर नुसता श्वासच वाजला. बाई दुकानात शिरल्या.

मागच्या बाजूला एक खोली होती. भिंतींवर जाड फोम, जमिनीवर गालिचा, समोर माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर आणि बरोबर मध्ये एकच खुर्ची. आवाज नीट ऐकू येतो तो म्हणे त्या एकाच खुर्चीत. बाकीचे सात-आठ जण भिंतीकडेला स्टुलांवर बसले होते, डॉक्टरच्या दवाखान्यात नंबर लावून बसावं तसे. मधल्या खुर्चीत दुकानाचे मालक होते. त्यांना सगळे कानसेन म्हणत, आणि ते नाव त्यांना मनापासून आवडायचं. ते डोळे अर्धे मिटून, हात हवेत तरंगवत सांगत होते की या नव्या अ‍ॅम्प्लिफायरवर श्वासाला ओलावा आहे, जुन्यावर तो कोरडा लागतो. स्टुलावरून एक किडकिडीत गृहस्थ उसळून म्हणाले की ओलावा तुमच्या किमतीच्या चिठ्ठीला आहे. हे मीटरवाले. कारखान्यात माल तपासायचं काम करून निवृत्त झालेले, खिशात कायम स्क्रू-ड्रायव्हर.

बाई दारातून म्हणाल्या, "पुढे लावा."

कानसेननी वळून विचारलं, पुढे काय आहे?

"पुढे गाणं आहे," बाई म्हणाल्या.

मग ओळख पटली आणि खोलीत एकच गडबड उडाली. ज्या आवाजावर यांनी इतकी वर्षं वायरी पारखल्या, तो आवाज दोन पायांवर चालत दुकानात आला होता. बाईंना मधली खुर्ची दिली, पाणी दिलं. कोणी विचारलं, मायक्रोफोन किती अंतरावर होता? कोणी विचारलं, खोलीला लाकडी फरशी होती का? पहिल्या कडव्यात एक बारीकसा कर्र आवाज येतो, तो खुर्चीचा की पियानोच्या पायपट्टीचा, यावरून यांच्यात म्हणे दोन तट पडले होते आणि दोन मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले होते. बाई म्हणाल्या, ती ताईची चप्पल. झालं, कानसेननी मांडीवर थाप मारली की मी चामडंच म्हणत होतो. ताई कोण, हे मात्र एकानंही विचारलं नाही.

बाईंनी विचारलं, शेवटचं कडवं तुम्हाला कसं वाटतं? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कळलं ते असं, की यांच्याकडे रेकॉर्ड नव्हतीच. रेकॉर्डिंगवाल्याच्या टेपवरून कोणीतरी नक्कल केली होती, ती एकाकडून दुसऱ्याकडे फिरत आली होती, आणि त्या कोणीतरीनं फक्त पहिलं कडवं उतरवून घेतलं होतं. तपासणीला तेवढं पुरतं. तो नदीवरचा माणूस या मंडळींनी वर्षानुवर्षं काठावरच उभा करून ठेवला होता आणि पलीकडे काय आहे, हे बघावं असं एकालाही वाटलं नव्हतं.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या उठून निघाल्याही. पण दारापर्यंत आल्यावर कानसेन आणि मीटरवाले दोघेही मागे धावत आले. दोघांना एकच कल्पना सुचली होती आणि दोघांनाही ती स्वतःची वाटत होती. येत्या रविवारी चाचणी घेऊ. पडद्यामागे दोन अ‍ॅम्प्लिफायर ठेवू, एक हा नवा, अव्वाच्या सव्वा किमतीचा, आणि एक साधा, कोणाच्याही घरात असतो तसा. बाईंनी मधल्या खुर्चीत बसून नुसतं ऐकायचं आणि सांगायचं की आपला खरा आवाज कोणता. बाईंच्या तोंडून निकाल लागला म्हणजे वादच मिटला.

बाईंनी त्यांना वेड्यात काढलं असतं. पण त्यांची नजर कोपऱ्यातल्या भारी रेकॉर्ड प्लेअरवर आणि त्याच्यावरच्या केसाएवढ्या बारीक सुईवर पडली होती. ही सुई उडी मारेल का, असं त्यांनी विचारलं. कानसेन दुखावले, म्हणाले, बाई, ही सुई उडी मारणार नाही. मग बाईंनी आपली अट घातली. मी माझी रेकॉर्ड घेऊन येईन, तुमचा खेळ झाला की ती एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायची. दोघांनी लगेच शब्द दिला.

तो आठवडा बाईंनी कसाबसा काढला. ताई ऐकू येणार, याचा आनंद होताच. पण त्याच्या पोटात एक भीतीही होती, आणि तिची त्यांना लाज वाटत होती. रेकॉर्डिंगवाल्याशी त्या कडाकडा भांडल्या होत्या, सुरातच आहे म्हणून. ते त्यांनी ऐकून म्हटलं होतं की ताईवरच्या मायेनं, हे त्यांचं त्यांनाच कधी कळलं नव्हतं. घरच्या खरखरणाऱ्या प्लेअरवर ते झाकून गेलं होतं. या यंत्रावर काही झाकणार नव्हतं.

रविवारी खोली भरली होती. काळा पडदा लागला, पडद्याबाहेर अ आणि ब अशा दोन बटणांची पेटी आली. मीटरवाल्यांनी दोन्ही यंत्रांचा आवाज मीटर लावून तंतोतंत सारखा केला. जे जरा मोठं वाजतं तेच माणसाला चांगलं वाटतं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही होतं. कानसेन कुरकुरले की ही बटणाची पेटीच आवाज बिघडवते, आणि अशा परीक्षेच्या दडपणाखाली कोणाला सुख होतं का. आनंद काय थर्मामीटरनं मोजतात? तेही काही अगदीच खोटं नव्हतं. दोघांना बोलू दिलं असतं तर दिवस मावळला असता. बाई पिशवी मांडीवर घेऊन मधल्या खुर्चीत बसल्या होत्या. पिशवीत रेकॉर्ड होती.

खटका दाबला, श्वास, ओळ. खटका, श्वास, ओळ. अ की ब? बाईंना फरक कळेना. कानसेननी पुढे वाकून अगदी मऊ आवाजात सांगितलं, घाई करू नका, तुमचा स्वतःचा आवाज कोणता, एवढंच ओळखायचं.

"मला काय माहीत?" बाई म्हणाल्या. "मी गात होते, मी आतून ऐकलं. माझ्या हाडांत, माझ्या डोक्यात. बाहेरून कसा लागतो ते मला कधी कळलंच नाही. बाहेरून ऐकला तो ताईनं. जन्मभर. तुम्हाला विचारायचं होतं ते तिला विचारायला हवं होतं."

एवढ्या शिकल्यासवरल्या मंडळींनी चाचणीसाठी नेमका असा माणूस निवडला होता, ज्यानं तो आवाज कधी समोरून ऐकलेला नाही. मग मीटरवाले म्हणाले, ठीक आहे, अंदाजानं सांगा. बाईंनी रागारागानं तोंडाला येईल ते सांगितलं. अ, ब, ब, अ. मीटरवाल्यांनी विजयी चेहऱ्यानं जाहीर केलं की ही निव्वळ नाणेफेक आहे, म्हणजे फरक नाही. कानसेन म्हणाले, बाई दमल्यात, म्हणजे चाचणीला अर्थ नाही. स्टुलांवरून आवाज चढले. त्या आरड्याओरड्यात बाईंकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

बाईंनी पिशवीतून रेकॉर्ड काढली आणि कानसेनच्या हातात ठेवली. "शब्द दिलाय तुम्ही."

दिला होता. कानसेननी तबकडी सांभाळून पुसली, ठेवली, सुई टेकवली. खोली शांत झाली. श्वास आला तसं सवयीनं दोघा-तिघांनी, ऐका म्हणून, बोट वर केलं. चप्पल कर्रकन वाजली. पहिलं कडवं संपलं आणि मंडळी स्टुलांवर चुळबुळायला लागली, कारण इथून पुढचा मुलूख त्यांना अनोळखी होता. दुसरं कडवं गेलं. बाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. शेवटचं कडवं लागलं, आणि पियानोच्या मागून तो आवाज आला.

"घुमतंय," मीटरवाले म्हणाले. "अर्थिंग बघा."

"हो, मलाही लागलं," कानसेन म्हणाले. "खालून घरघर येतेय." आणि त्यांनी हात पुढे करून सुई उचलली.

इतक्या वर्षांत या दोघांचं कशावर म्हणून एकमत झालं नव्हतं. ते झालं ते यावर.

बाई उभ्या राहिल्या. "ती माझी बहीण आहे," त्या म्हणाल्या.

कानसेनना ओशाळल्यासारखं झालं, आणि ओशाळलेला माणूस करतो तसं त्यांनी आणखी बिघडवलं. म्हणाले, मला कल्पना नव्हती, बाई; तसं ते काढून टाकता येतं हल्ली, मागचा आवाज मागे ढकलून तुमचा पुढे आणता येतो.

"माझा मागे ढकला," बाई म्हणाल्या. "जमत असेल तर माझा पुसून टाका. तिला आयुष्यभर हेच सांगितलं सगळ्यांनी, आवाज काढू नकोस. एकदा काढला तिनं, एकदाच, आणि तुम्ही लाखाचं यंत्र लावून तो मुका करायला निघालात. तुमचे कान एवढे तिखट ना? श्वासातला ओलावा ऐकू येतो, चपलेचं चामडं ऐकू येतं. माणूस ऐकू येत नाही?"

मग त्यांनी सगळ्यांना खाली बसायला सांगितलं, वर्गात सांगतात तसं, आणि सगळे बसले. मधल्या खुर्चीत त्या स्वतः बसल्या नाहीत. सुई त्यांनी आपल्या हातानं पुन्हा पहिल्या रेघेवर टेकवली, कारण मध्येच तुटलेलं गाणं त्या कधीच मधून घेत नसत, आणि त्या स्पीकरला खेटून उभ्या राहिल्या. श्वास आला. या वेळी कोणी बोट उचललं नाही. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. मग ताई आली.

तो आवाज जाडसर होता, थोडा घशातून येणारा, बिचकणारा. बाई तो विसरल्याच होत्या. असा होता, हो, असाच होता. चहा घेतेस का, असं विचारायची ती याच आवाजात. आणि तो खाली लागला होता. सुराच्या खाली, अगदी स्पष्ट. पोरांचा सूर केसभर उतरला तरी बाईंना वर्गाच्या दुसऱ्या टोकाला कळायचं. हा तर चांगलाच उतरला होता. रेकॉर्डिंगवाल्याचं बरोबर होतं. त्या कडव्याच्या शेवटापर्यंत ताई तशीच, खालीच, मनापासून गुणगुणत राहिली, आणि नदीवरचा माणूस पलीकडे पोचला. पियानोचा शेवटचा स्वर विरला, मागे चप्पल एकदा वाजली, आणि सुई रिकाम्या रेघेत फिरत राहिली.

मग मीटरवाल्यांनी हळूच विचारलं. कुजकेपणानं नाही, नुसत्या सवयीनं. "बाई, हे वाजलं ते अ वर की ब वर? बटण कशावर होतं, कोणी बघितलं का?"

"ताई होती," बाई म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "आणि बेसूर होती."

कानसेन पुढे झाले, तबकडी उचलून नीट पाकिटात घालायला. बाईंनी त्यांचा हात अडवला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "पुन्हा लावा. पहिल्यापासून."